विमान द्या, माफी नको

मतदान केंद्रात गेलं की अधिकारी हातात एक गोटी देतो. आपण लहानपणी खेळायचो तसलीच, काचेची. आडोशाला पत्र्याची पिंपं मांडलेली असतात, ज्याच्या त्याच्या पक्षाच्या रंगाची, वर उमेदवाराचा फोटो. आपल्या माणसाच्या पिंपाला जी नळी असते तिच्यात गोटी सोडायची. आत घंटी बसवलेली, टिंग करून वाजते. बाहेर बसलेले लोक कान देऊन असतात. एक टिंग, एक मत. दुसऱ्यांदा वाजलं तर धरा त्याला. त्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकली आणायच्या नाहीत, कारण सायकलच्या घंटीने घोळ व्हायचा.

ही गांबिया या पश्चिम आफ्रिकेतल्या चिमुकल्या देशाची पद्धत. वाचता न येणाऱ्या मतदारांसाठी १९६०च्या दशकात काढली आणि टिकली.

आपल्याकडे बहुतेकांनी गांबियाचं नाव २०२२ मध्ये ऐकलं, कफ सिरपच्या बातम्यांत. लहान मुलं दगावली, जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणात बनलेल्या सिरपकडे बोट दाखवलं, आपल्या सरकारने ते मान्य केलं नाही. तो विषय वेगळा आहे आणि रक्त आटवणारा आहे, पुन्हा कधीतरी.

आज लिहायचं कारण आमच्या सोसायटीचा ग्रुप. सुदानची बातमी कोणीतरी टाकली. त्यावर एक काका म्हणाले, "अमेरिकेने दोन विमानं पाठवली ना, की सगळे हुकूमशहा सुतासारखे सरळ येतात." दुसरे म्हणाले, "आपल्याला काय करायचंय? आफ्रिका आहे ती, त्यांचं ते बघून घेतील." दोघांनाही मला गोट्यांची गोष्ट सांगायची होती. ग्रुपवर चार ओळींच्या वर कोणी वाचत नाही, म्हणून इथे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

याह्या जामे २२ जुलै १९९४ रोजी गांबियात बंडाने सत्तेवर आला. तेव्हा तो लेफ्टनंट होता, वय २९. हळूहळू अंगावर पांढरा झगा, हातात जपमाळ आणि काठी, आणि नावामागे उपाध्यांची माळ आली: हिज एक्सलन्सी शेख प्रोफेसर अल्हाजी डॉक्टर, शेवटी बाबिली मान्सा. अल्लाची इच्छा असेल तर एक अब्ज वर्षं राज्य करीन असं त्याने मुलाखतीत सांगितलं होतं. २००७ मध्ये जाहीर केलं की आपल्याला एड्सवर जडीबुटी सापडलीय. रुग्णांना आधीची औषधं बंद करायला लावली. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या प्रतिनिधी बाईंनी शंका काढली, तर त्यांनाच देशाबाहेर काढलं. २००९ मध्ये खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना चेटूक करतात म्हणून उचलून नेलं आणि कसलेसे काढे जबरदस्तीने पाजले.

इथपर्यंत जग हसत होतं. विक्षिप्त हुकूमशहा म्हणून पेपरात चौकट यायची. पण डेडा हायडारा नावाचे एक संपादक होते, 'द पॉइंट' या वर्तमानपत्राचे. १६ डिसेंबर २००४, पेपरचा वाढदिवस. त्या रात्री कचेरीतून घरी निघाले आणि गाडीतच गोळ्या घालून मारले गेले. 'जंगलर्स' नावाची टोळी होती, थेट जामेचा हुकूम मानणारी. २००५ मध्ये युरोपच्या वाटेवर असलेले पन्नासच्या आसपास मजूर, बहुतेक घानाचे, भाडोत्री सैनिक समजून मारून टाकले. जामेनंतर नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने २४० हून अधिक मृत्यूंचं खापर त्याच्या राजवटीवर फोडलं.

बावीस वर्षं. एवढ्या काळात आंतरराष्ट्रीय समुदायाने निषेधाचे खलिते काढले, अधूनमधून मदत रोखली, आणि हिवाळा आला की युरोपचे पर्यटक त्याच्या किनाऱ्यावर ऊन खायला येत राहिले.

मग १ डिसेंबर २०१६. मतदानाच्या दिवशी इंटरनेट बंद, परदेशी फोन बंद. तरी गोट्या मोजल्यावर विरोधी उमेदवार अडामा बॅरो विजयी निघाले, एके काळी लंडनमधल्या दुकानात सिक्युरिटी गार्डची नोकरी केलेला माणूस. जामेने टीव्हीवर फोन करून अभिनंदनही केलं. सगळं जग थक्क. आठवड्याभरात फिरला, म्हणाला निकाल मान्य नाही.

माझ्या मते यापुढचे सहा आठवडे प्रत्येक परराष्ट्र खात्यात शिकवायला हवेत.

पहिल्यांदा हलले ते शेजारी. पश्चिम आफ्रिकी देशांची संघटना, इकोवास. लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्ष एलन जॉन्सन सरलीफ, नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष बुहारी वगैरे मंडळी आठवड्याच्या आत गांबियाच्या राजधानीत, बांजुलला जाऊन बसली. हा माणूस त्यांना नीट माहीत होता, त्याच्याशी बोलायला त्यांना दुभाषा लागत नव्हता आणि गोरा साहेब आम्हाला शिकवतोय हा नेहमीचा डायलॉग त्यांच्यासमोर चालत नव्हता. मुदत ठरली १९ जानेवारी २०१७, जामेचा कार्यकाळ संपायचा दिवस. बॅरोंना सेनेगलमध्ये सुरक्षित ठेवलं. त्याच दिवसांत गांबियात त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला कुत्रा चावला, पोर गेलं, आणि बापाला दफनालाही जाता आलं नाही. शपथविधी डाकारमधल्या गांबियाच्या वकिलातीत, एका लहानशा खोलीत झाला. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव करून इकोवासच्या पाठीवर हात ठेवला. सेनेगलचं सैन्य सीमा ओलांडून आत आलं. गांबिया तीन बाजूंनी सेनेगलच्या पोटात, चौथ्या बाजूला समुद्र. जामेच्या लष्करप्रमुखाने सांगून टाकलं की हे राजकीय भांडण आहे, माझी पोरं यात मरणार नाहीत. २१ जानेवारीच्या रात्री जामे विमानात बसला. लढाई अशी झालीच नाही.

आता याच्या शेजारी लिबिया ठेवा. २०११ साली सुरक्षा परिषदेचा १९७३ क्रमांकाचा ठराव झाला. भारत तेव्हा परिषदेत होता आणि तटस्थ राहिला, रशिया, चीन, जर्मनी, ब्राझीलबरोबर. तेव्हा मला ती पळवाट वाटली होती. आज वाटत नाही. नागरिकांना वाचवायला निघालेली विमानं तिथला हुकूमशहा गद्दाफी मरेपर्यंत थांबली नाहीत, आणि तो मेल्यावर देश कोणाच्या हातात द्यायचा याचा विचार कोणी केलेला नव्हता. गांबियात शपथ घ्यायला एक निवडून आलेला माणूस हजर होता. विमानंवाल्या काकांनी एवढा एक फरक लक्षात घ्यावा.

शेजारी म्हणजे देवमाणसं, असं मी म्हणत नाही. कोणालाही दोनदाच राष्ट्राध्यक्ष होता यावं असा प्रस्ताव इकोवासमध्ये २०१५ साली आला होता. विरोध कोणी केला? गांबिया आणि टोगो. टोगोत एकाच घराण्याचं राज्य १९६७ पासून आहे, आणि गांबियात लोकशाही आणायला गेलेल्या फौजेत टोगोचेही जवान होते! २०२३ मध्ये नायजरमध्ये बंड झालं तेव्हा याच इकोवासने फौजेची धमकी दिली आणि काही केलं नाही. आणि शेजाऱ्याने आपल्या हिमतीवर काही केलंच, तर त्याचं कौतुक होतं असंही नाही. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना नव्वद दिवसांत निघा म्हणून सांगितलं, त्यात गुजराती होते तसे कंपालात नोकऱ्या करणारे गोंयकारही होते. पुढे सात वर्षं तो आपल्याच लोकांना मारत राहिला. अमीनने टांझानियावर हल्ला केला तेव्हा तिथले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरेंच्या फौजेने त्याला एप्रिल १९७९ मध्ये हाकललं, तर काही आफ्रिकी नेत्यांनी न्येरेरेंनाच धारेवर धरलं. अमीन आरामात सौदीत राहिला आणि २००३ साली जेद्दाच्या इस्पितळात मेला. एकही दिवस कोर्टात उभा राहिला नाही.

माझं खरं म्हणणं इथे आहे. जामेला जाऊ दिलं हे बरोबरच केलं. रक्तपात टळत असेल तर विमान द्यावं, तिकीट मी काढतो. पण जाताना इकोवास, आफ्रिकी संघ आणि संयुक्त राष्ट्रं यांनी मिळून एक निवेदन काढलं, त्यात त्याची प्रतिष्ठा, सुरक्षितता, मालमत्ता जपण्याची भाषा होती. मालमत्ता! तो जाताना मालवाहू विमानातून महागड्या गाड्या गेल्या, आणि त्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांत तिजोरीतून एक कोटी दहा लाख डॉलर गायब झाल्याचं नव्या राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागाराने सांगितलं.

आणि गेला कुठे? इक्वेटोरियल गिनीत, तेओदोरो ओबियांगकडे, जो १९७९ पासून खुर्चीवर आहे. त्याचा मुलगा उपराष्ट्राध्यक्ष. या चिरंजीवांना पॅरिसच्या कोर्टाने दोषी ठरवलं, तिथला महाल जप्त केला. स्वित्झर्लंडने त्याच्या पंचवीस गाड्या घेऊन २०१९ मध्ये लिलाव केला. अमेरिकेने मालिबूचा बंगला विकायला लावला, आणि त्या पैशांतून २०२१ मध्ये जवळजवळ दोन कोटी डॉलर कोविडच्या लशींसाठी दिले गेले. समुद्रकाठच्या बंगल्यातून लस निघाली, हे मला दहा ठरावांपेक्षा मोलाचं वाटतं. जामेचाही मेरीलँडमधला पस्तीस लाख डॉलरचा बंगला अमेरिकेने काढून घेतला. हुकूमशहा आपल्या देशात पैसे ठेवत नाहीत, त्यांचा आपल्या देशावर विश्वास नसतो. जगाच्या हातात जे खरंखुरं आहे ते हेच, त्यांची कुलपं.

कोर्टांचंही तसंच. हायडारांच्या खुनात गाडी चालवणारा 'जंगलर' जर्मनीत सापडला. सेल शहराच्या कोर्टाने त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये जन्मठेप दिली, खुनानंतर एकोणीस वर्षांनी. जामेचा गृहमंत्री स्वित्झर्लंडमध्ये वीस वर्षांसाठी आत गेला. तिसरा अमेरिकेत, डेन्व्हरमध्ये, २०२५ साली दोषी ठरला. आणि चाडचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रेला तर सेनेगलमध्येच, आफ्रिकी न्यायाधीशांनी, २०१६ मध्ये जन्मठेप दिली. त्याच्या तुरुंगातून वाचलेली माणसं त्यासाठी पंचवीस वर्षं फायली घेऊन फिरत होती.

"आपल्याला काय करायचंय" म्हणणाऱ्या काकांसाठी एकच आठवण. ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीत भारत-आफ्रिका परिषद झाली. सुदानचा ओमर अल बशीर आला होता. दारफूरच्या कत्तलींसाठी त्याच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची दोन वॉरंटं होती. आपण त्या न्यायालयाचे सदस्य नाही, त्याला पकडायचं बंधन आपल्यावर नव्हतं, हे कायद्याने बरोबर. पण पंगतीला बोलवायचंही बंधन नव्हतं ना?

जामेवर खटला चालवायला विशेष न्यायालय उभारायला इकोवासने डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिलीय. ओबियांग त्याला देतो का, बघायचं.

इकडे बॅरो तीन वर्षांत पायउतार होतो म्हणाले होते. झाले नाहीत. राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दींवर मर्यादा घालणारी नवी राज्यघटना २०२० मध्ये संसदेत अडली, आणि तिच्या विरोधात मतं देणाऱ्यांत त्यांचेच समर्थक होते. २०२१ च्या निवडणुकीत पुन्हा पत्र्याची पिंपं मांडली, पुन्हा गोट्या पडल्या. त्या वेळी बॅरोंच्या पक्षाची युती होती जामेच्या जुन्या पक्षाशी. जामेने इक्वेटोरियल गिनीतून फोनवर आपल्या माणसांना सांगितलं, यांना मत देऊ नका. बॅरो तरीही जिंकले.