होऊ घातलेल्या सवतीचं आडनाव

"पुस्तकं खपेनात म्हणून अगाथा ख्रिस्तीने १९२६ साली स्वतःच बेपत्ता होण्याचं नाटक केलं, पोलिसांना नाचवलं आणि त्या प्रसिद्धीवर जन्मभर कमाई केली." ही पोस्ट परत फिरतेय. गोष्ट झकास आहे, पण खोटी.

खपाचं आधी. त्याच वर्षी 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' ही तिची रहस्यकादंबरी आली होती आणि तिच्यातल्या निवेदकावरून वाद रंगला होता. नाव व्हायला तिला हरवायची गरज नव्हती.

आता नाटक. एप्रिलमध्ये आई गेली. माहेरचं घर आवरताना ती पार खचली. ऑगस्टमध्ये नवऱ्याने, आर्चीने, नॅन्सी नील नावाच्या मुलीवर प्रेम असल्याचं सांगून घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्री बाई मोटार घेऊन निघाली. मोटार सकाळी गिल्डफर्डजवळ खडूच्या खाणीपाशी सापडली, आत फरचा कोट तसाच. अकरा दिवसांनी ती सापडली यॉर्कशायरमध्ये, हॅरोगेटच्या हॉटेलात. तिथल्या वहीत तिने आडनाव लिहिलं होतं 'नील', गाव केप टाउन. होऊ घातलेल्या सवतीचं आडनाव! जाहिरातीसाठी कोणी घरची लक्तरं अशी वेशीवर टांगतं का?

पोलिसांना नाचवलं म्हणावं, तर यॉर्कशायरला जात असल्याचं पत्र तिने दिराला, कॅम्पबेलला, धाडलं होतं. तरी शोध मुख्यतः मोटार सापडली त्या सरे परगण्यातच चालला. शेवटी तिला ओळखलं हॉटेलातल्या वादकांनी.

'स्मृती गेली' हा नवऱ्याचा खुलासा मलाही पुरता पटत नाही. नवऱ्याला चटका द्यायचा राग त्यात असेलही. पण राग वेगळा, जाहिरात वेगळी.

राहिली कमाई. १९२७ चं 'द बिग फोर' म्हणजे जुन्या कथांना घातलेले टाके, तेही त्याच दिराच्या मदतीने. नवं काही सुचतच नव्हतं. मग 'द मिस्टरी ऑफ द ब्ल्यू ट्रेन'. पैशांची निकड, लहान लेक सोबत, अशात कॅनरी बेटांवर ते ओढूनताणून लिहिलं. ते तिला कधीच आवडलं नाही. नावडतं असलं तरी लिहायचं, हा धंदा तिथून सुरू झाला, असं तिने आत्मचरित्रात म्हटलंय. मृत्यूनंतर, १९७७ मध्ये छापलेलं ते जाडजूड पुस्तक उघडून पाहा. बालपणावर पानंच्या पानं आहेत, त्या अकरा दिवसांवर अक्षर नाही.