स्वातंत्र्य द्या, पण शेजाऱ्याचं

सुरक्षिततेसाठी स्वातंत्र्य द्यावं की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो मोठ्याने विचारू नका. असे प्रश्न पडणाऱ्यांवर लक्ष ठेवावं लागतं, लक्ष ठेवायला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो. सरकारी तिजोरीवर विनाकारण बोजा कशाला?

हा व्यवहार तोट्याचा आहे असं सांगणाऱ्या विद्वानांना मुळात व्यवहारच कळलेला नाही. आपण आपलं स्वातंत्र्य देतच नसतो. देतो ते दुसऱ्याचं. ज्याच्या घोषणा, ज्याचा पोशाख, ज्याचं नुसतं आडनाव आपल्या डोळ्यांत खुपतं, त्याचं. त्याच्या घरावर धाड पडावी, त्याचे फोन ऐकले जावेत, त्याला विनाचौकशी आत ठेवावं. आपण फक्त मान डोलवायची आणि ‘काहीतरी केलंच असेल त्याने’ एवढं पुटपुटायचं. पैसे त्याचे, माल आपला.

याचा उत्तम नमुना 1933 च्या जर्मनीत सापडतो. 27 फेब्रुवारीच्या रात्री बर्लिनमधल्या संसदेला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या सहीने हुकूम निघाला. व्यक्तिस्वातंत्र्य, मतस्वातंत्र्य, सभा, संघटना, पत्रांची आणि फोनची गुप्तता, घर, मालमत्ता, अशी राज्यघटनेतली सात कलमं ‘पुढील सूचना येईपर्यंत’ बाजूला ठेवण्यात आली. कारणही हुकमातच दिलं होतं: कम्युनिस्टांच्या हिंसक कारवायांना आळा घालणं. तुम्ही कम्युनिस्ट नसाल तर तुमचा काय संबंध? काहीच नाही. मग तोच कागद समाजवाद्यांना लागू पडला, कामगार संघटनांना पडला, पुढे चर्चमधल्या पाद्र्यांनाही पडला. पुढील सूचना आली 1945 साली, तीसुद्धा रणगाड्यांवरून.

तुम्ही म्हणाल, वादात हिटलर आणणं हा रडीचा डाव आहे. मान्य. राक्षसाची गोष्ट सांगितली की ऐकणारा निर्धास्त होतो, कारण आपलं सरकार कधीच राक्षस नसतं. म्हणून सज्जन सरकार घेऊ. ब्रिटन घ्या. जुनी संसद, ताठ कण्याचे न्यायाधीश, खवचट वर्तमानपत्रं, सगळं जागच्या जागी.

2005 साली तिथे सत्ताधारी मजूर पक्षाचं अधिवेशन ब्रायटनला भरलं होतं. परराष्ट्रमंत्री इराकबद्दल बोलत होते आणि पक्षाचाच एक 82 वर्षांचा सभासद मागून ओरडला, ‘मूर्खपणा आहे हा!’ स्वयंसेवकांनी त्याला उचलून बाहेर काढलं. पक्षांतर्गत भांडणात एवढं चालायचंच. गंमत पुढे आहे. म्हातारा परत आत जायला निघाला तेव्हा पोलिसांनी त्याला अडवलं ते दहशतवादविरोधी कायद्याखाली. हा गृहस्थ ज्यू होता आणि किशोरवयात नाझी जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडला आला होता. नंतर पंतप्रधानांनी माफीही मागितली. तेव्हा घाबरायचं काही कारण नाही. फक्त तुमच्या वेळी जवळपास कॅमेरे असतील एवढं बघा.

त्याच देशात, 2008 साली, पूल नावाच्या गावच्या कौन्सिलने एका कुटुंबावर जवळजवळ तीन आठवडे गुप्त पाळत ठेवली. बाई मुलांना घेऊन कुठून निघतात, गाडी कोणत्या रस्त्याने जाते, रात्री सगळे झोपतात कुठे, याच्या नोंदी झाल्या. बॉम्ब? छे. हे लोक खरोखर शाळेच्या हद्दीत राहतात का, की धाकटीच्या प्रवेशासाठी पत्ता खोटा दिलाय, हा संशय होता. अधिकार आले कुठून, तर राष्ट्रीय सुरक्षा आणि गुन्हेगारी ही कारणं पुढे करून 2000 साली केलेल्या कायद्यातून. 2010 मध्ये न्यायाधिकरणाने ही पाळत बेकायदा ठरवली. पण 2008 च्याच शरद ऋतूत ब्रिटनने आइसलंडच्या एका बँकेची मालमत्ता गोठवली तीही 2001 च्या दहशतवादविरोधी कायद्यानेच, आणि बिचारी बँक सरकारी यादीत अल-कायदाच्या पंगतीला जाऊन बसली. पाहिलंत, एकदा हत्यार परजून ठेवलं की कामं आपोआप चालत येतात.

म्हणून सल्ला असा: सरकारला अधिकार देताना तो कशासाठी, किती दिवस, असल्या क्षुद्र अटी घालू नका. ब्रिटिशांनी 1939 मध्ये युद्धासाठी ओळखपत्रं काढली तेव्हा उपयोग तीन होते: लष्करभरती, सुरक्षा आणि रेशन. 1950 पर्यंत ते 39 झाले होते. युद्ध पाच वर्षांपूर्वीच संपलं होतं, पण हे ओळखपत्राला कोणी कळवलं नसावं. क्लॅरन्स विलकॉक नावाच्या एका हट्टी माणसाला पोलिसाने गाडी वेगात चालवल्याबद्दल थांबवलं आणि कार्ड मागितलं. त्याने ते दाखवायला साफ नकार दिला. कोर्टात तो हरला, पण खुद्द सरन्यायाधीशांनी या कार्डमागणीवर नापसंती व्यक्त केली आणि 1952 मध्ये कार्डं गेली. असली माणसं समाजाला फार महागात पडतात. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर त्याला वेळीच समजवा.

समजवताना एक म्हण हाताशी ठेवा: कर नाही त्याला डर कशाला. वाद संपवायला हिच्यासारखी म्हण नाही. कशाला ‘कर’ म्हणायचं हे तुम्ही ठरवणार नसून फोन ऐकणारा ठरवणार, आणि तेही नंतर, ही बारीकशी अडचण आहे खरी. तिची चर्चा टाळा.

सुरक्षितता मिळाली का, हेही विचारू नये. अमेरिकेत 2013 साली उघड झालं की सरकार कोट्यवधी नागरिकांच्या फोनची नोंद ठेवतंय, म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला आणि किती वेळ बोललं. सरकारचीच एक देखरेख समिती पुढे चौकशीला बसली. जानेवारी 2014 च्या अहवालात तिने लिहिलं की या कार्यक्रमामुळे एखाद्या दहशतवादविरोधी तपासाच्या निकालात ठोस फरक पडला, असं एकही प्रकरण आपल्याला सापडलं नाही. बघा, ही समिती नसती तर लोक अजून किती सुरक्षित वाटून घेत राहिले असते!

आणि अन्याय झालाच तर कोर्ट आहे ना? आहे की. आणीबाणीत दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात हाच प्रश्न आला होता. न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी सरकारी वकिलांना विचारलं, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने निव्वळ वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर त्यावर दाद आहे का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर मिळालं. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. एप्रिल 1976 मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला, चारास एक. तो एक म्हणजे खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्ती सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. तुमच्या प्रकरणात असा न्यायाधीश मिळाला तर चार विरुद्ध एकने हरायची तयारी ठेवा.

चौकात पोलीस हवा, सीमेवर सैनिक हवा, याबद्दल कुणाचा वाद नाही. यादवी आणि दंगल जवळून पाहिलेल्या माणसाला तर ते सांगावंही लागत नाही. वाद घालतात ते त्या पोलिसाला जाब कोण विचारणार, यावर. ही मंडळी विनाकारण व्यत्यय आणतात. व्यत्यय नसलेला कारभार कसा असतो ते पाहायचं तर पूर्व जर्मनी बघावा. दीड-पावणेदोन कोटी वस्तीच्या त्या देशात 1989 साली गुप्त पोलिसांच्या, म्हणजे स्टासीच्या, पगारपत्रकावर सुमारे 91 हजार माणसं होती आणि त्याच्या जवळपास दुप्पट गुपचूप बातम्या पुरवणारी. चौकशीला आणलेल्या माणसाच्या खुर्चीवर फडकं पसरून ठेवत, तो उठला की ते चिमट्याने उचलून काचेच्या बरणीत घालत आणि झाकण घट्ट लावत, पुढेमागे कुत्र्याला वास द्यायला. बरणीवर नाव, तारीख. याहून जास्त काळजी सख्खी आईसुद्धा घेणार नाही. फायली रांगेने लावल्या तर शंभर किलोमीटरच्या पुढे जातील एवढ्या. एवढी माहिती असूनही त्याच वर्षी 9 नोव्हेंबरच्या रात्री बर्लिनची भिंत उघडली तेव्हा काय करावं हे कुणालाच सुचेना. तेवढा एक कागद फायलीत नव्हता.

1992 पासून लोकांना आपापली फाइल वाचायला मिळू लागली. एका कार्यकर्तीला कळलं की तिच्या बातम्या वर पोचवणारा तिचा नवराच होता. तेव्हा तुमच्यावर ती पाळी आली तर घाई नको. फायलीत बातमीदारांची फक्त टोपणनावं असतात. खरी नावं हवी असतील तर अर्ज करावा लागतो. तो करायचा की नाही, हे आधी घरी विचारून घ्या.