होल्डनला बिघडलेला म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. भाचीची टीवायची परीक्षा जवळ आलीय, तिने क्लासच्या नोट्सची पीडीएफ पाठवली, मावशी जरा नजर टाक ना म्हणून. 'द कॅचर इन द राय', सॅलिंजरची 1951 ची कादंबरी, आणि तिचं काय केलंय तर एक तक्ता. डावीकडे प्रतीक, उजवीकडे अर्थ. लाल टोपी, एकटेपणा. तळ्यातली बदकं, बदलाची भीती. बेसबॉलचा ग्लव्ह, निरागसता. खाली स्वभावचित्र: कादंबरीचा नायक होल्डन हा श्रीमंत घरातला, आळशी, बिघडलेला मुलगा. झालं, पाच मार्कांची सोय.

बिघडलेला काय बिघडलेला? अहो, त्याचा भाऊ गेलाय!

अ‍ॅली, धाकटा, ल्युकेमियाने गेला तेव्हा होल्डन 13 वर्षांचा होता. त्या रात्री तो गॅरेजमध्ये झोपला आणि तिथल्या सगळ्या खिडक्या त्याने नुसत्या मुठीने फोडल्या, गाडीच्या काचाही फोडणार होता पण तोवर हात मोडलेला. नंतरही पाऊस आला की तो हात दुखतो, मूठ नीट वळत नाही. आणि घरचे काय ठरवतात, तर याला मानसोपचाराला न्यायचं. हे सगळं पाचव्या प्रकरणात सरळ लिहिलेलं आहे, खणून काढावं लागत नाही.

माझा एक आतेभाऊ आहे. त्याचा थोरला भाऊ काविळीने गेला तेव्हा हा आठवीत होता. पुढे कितीतरी दिवस हा रविवार आला की भावाची बॅट काढून ओसरीवर बसायचा आणि तिला जवसाचं तेल पाजायचा. फडक्याची बारीक घडी करून, मधोमध जरा जास्त, स्टिकरला थेंब लागू न देता, मग भिंतीला टेकवून ठेवायचा. खेळायला कधी नेली नाही. शाळेत मारामाऱ्या, गणितात नापास, आणि घरात सगळ्यांचं एकच, कार्टं वाया गेलं. चांगली शिकलेली माणसं म्हणायची हे! बॅट दिसत होती ना सगळ्यांना.

अ‍ॅलीचा ग्लव्ह म्हणजे तरी काय? डावखुऱ्या पोराचा ग्लव्ह, त्याच्या बोटांवर, खोबणीत, सगळीकडे त्याने हिरव्या शाईने कविता लिहून ठेवलेल्या, का तर मैदानात उभं असताना, बॅटिंगला कुणी आलेलं नसेल तेव्हा, वाचायला काहीतरी हवं. शाळेतला रूममेट स्ट्रॅडलेटर होल्डनला सांगतो, एखाद्या खोलीचं नाहीतर घराचं वर्णन लिहून दे. होल्डन या ग्लव्हवर लिहितो. तर तो पठ्ठ्या भडकतो, सांगितलं एक नि लिहिलंस भलतंच. होल्डन कागद फाडून टाकतो. नोट्स काढणारे हे लोक म्हणजे स्ट्रॅडलेटरच आहेत, दुसरं काही नाही.

हो, होल्डन खोटं बोलतो, दारू पितो, घरच्यांच्या पैशावर अख्ख्या जगाला भंपक ठरवतो. मान्य. पण नेमाड्यांच्या 'कोसला'तला आपला पांडुरंग सांगवीकर तरी पुण्यात काय करत होता? त्याची धाकटी बहीण मनी गेल्यावरची पानं वाचताना तुमच्यापैकी कुणी त्याच्या उधळपट्टीचा हिशेब मांडला का? नाही ना, मग याच्याच बाबतीत का?

होल्डन घालतो त्या टोपीचं राहिलंच. ती लाल आहे आणि अ‍ॅलीचे केस लाल होते, धाकट्या बहिणीचे, फीबीचेही थोडे तसेच. सॅलिंजर बोट ठेवून दाखवत नाही, पण मला ती टोपी त्याशिवाय वाचताच येत नाही. बदकांचंही तसंच. सोळा वर्षांचा मुलगा टॅक्सीवाल्यांना विचारत सुटतो की सेंट्रल पार्कातलं तळं गोठलं की बदकं जातात कुठे, कुणी न्यायला येतं का, आणि टॅक्सीवाले वैतागतात. आतेभावाने एकदा माझ्या आईला विचारलं होतं, दादाला तिकडे थंडी वाजत असेल का गं. आई काही बोलली नाही, उठून आत गेली. तिला तरी काय उत्तर येणार होतं.

आणि मला ज्याच्यावर खरं बोलायचंय ते त्या तक्त्यात नाहीच. विसाव्या प्रकरणात होल्डन कब्रस्तानाबद्दल बोलतो. भेटायला गेलेले असताना पाऊस आला, सगळे पळत गाड्यांत जाऊन बसले, रेडिओ लावले, नंतर कुठेतरी छान जेवायला जाणार, सगळे, फक्त अ‍ॅली सोडून. त्याला हेच सहन होत नाही. आता शेवटचा कॅरोसेलचा, म्हणजे गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या पाळण्याचा प्रसंग घ्या. फीबी गोल फिरतेय, धो धो पाऊस येतो, बाकीचे आईबाप छपराखाली पळतात, आणि होल्डन बाकावरच बसून राहतो, भिजत. या वेळी तो पळत नाही. एवढं लिहिलंय माणसाने, आणि तुम्ही टोपी बरोबर एकटेपणा म्हणून मोकळे होता?

स्पेन्सर सर पेपर वाचून दाखवतात, अँटोलिनी सर भविष्यावर बोलतात, चांगलंच बोलतात, पण अ‍ॅलीचं नाव दोघांपैकी एकाच्याही तोंडी येत नाही. आतेभावालाही कुणी बॅटबद्दल विचारलं नाही. घरच्यांशिवाय तो ग्लव्ह होल्डनने फक्त जेन या मैत्रिणीला दाखवलाय, आणि सगळी कादंबरीभर तो तिला फोन करू करू म्हणत राहतो, बोलणं काही होत नाही.

कॉलेजात 'रडका आहे' म्हणून ज्यांनी हे पुस्तक बाजूला टाकलंत त्यांनी पाचवं, विसावं आणि पंचविसावं प्रकरण एका बैठकीत वाचा, मग या भांडायला. मी जागीच आहे.