रोजडे, बंदूक आणि रात्रीची मोजणी

आमच्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर परत रोजड्यांवरून, म्हणजे नीलगायींवरून जुंपलीय. देवासकडे शेती करणारा दादा म्हणतो, रात्री कळपच्या कळप गव्हात शिरतो, खातो कमी आणि तुडवतो जास्त, सरळ गोळ्या घालू द्या. रामबागेतल्या काकू म्हणतात मुकं जनावर आहे रे, पाप लागेल. मग कोणीतरी मला टॅग करतं, "तू स्वित्झर्लंडला आहेस ना, तिथे काय करतात सांग भिया."

तर सांगतो. मी आल्प्समध्ये ग्राउब्युंडनला राहतो, इथे सप्टेंबर लागला की निम्मं ऑफिस रजेवर, कारण शिकार. राजेमहाराजांची नाही हं, प्लंबर, मास्तर, बँकेतले, सगळे परीक्षा देऊन आणि परवान्याचे पैसे भरून डोंगर चढतात. शेजाऱ्याने हरणी मारली तेव्हा तपासणीला मीपण सोबत गेलो, तिथल्या वनरक्षकाने जबडा उघडून दातांवरून वय काढलं, मग आचळ दाबून बघितलं दूध येतंय का, कारण पाजणारी मादी सप्टेंबरात मारायची नाही, आणि सगळं लिहून घेतलं. चुकून भलतंच जनावर पडलं तर आपणच जाऊन सांगायचं आणि पैसे भरायचे.

याच भागात 1914 पासून स्विस नॅशनल पार्क आहे, तिथे शिकार सोडाच, पायवाट सोडून चालताही येत नाही. हरणं काय वेडी आहेत का, बाहेर बंदुका सुरू झाल्या की आत बसून राहतात आणि बर्फ पडलं की खाली उतरतात, म्हणून किती मारायची याचा ठरलेला कोटा पुरा करायला नोव्हेंबर-डिसेंबरात वेगळी शिकार काढतात, त्यात माद्या आणि पिल्लंही जातात. खूप जणांना ते बघवत नाही. ती बंद करायला 2019 मध्ये चक्क मतदान झालं, आणि बंद करणारे हरले.

आयबेक्स म्हणजे मोठ्या वाकड्या शिंगांचा पहाडी बोकड, तो तर शिकारीनेच इथून संपवला होता. इटलीच्या राजाने तिथल्या ग्रान पारादिसो डोंगरांत स्वतःच्या शिकारीसाठी राखले तेवढेच उरलेले, तिथून पिल्लं चोरून आणली, वाढवली, 1911 ला डोंगरात सोडली, आज 17 हजारांच्या आसपास आहेत आणि मोजून मारतात. स्वित्झर्लंडच्याच व्हॅले प्रांतात मात्र परदेशी पैसेवाल्यांना शिंगांसाठी नर मारायची परवानगी विकायचे, त्यावर इतका बोभाटा झाला की थांबवावं लागलं. तसला धंदा आपल्याकडे कोणी सुचवला तर मी काकूंच्या बाजूने.

पण दादाला यात फक्त बंदूक दिसते. कोट्याच्या आधी वसंतात वनखात्याची माणसं रात्री ठरलेल्या रस्त्यांनी गाडी हाकत कुरणांवर दिवे मारून हरणं मोजतात, तेही दरवर्षी, ते कोणी विचारत नाही. आपल्या मध्य प्रदेशात परवानगी घेऊन रोजडे मारायचा नियम आहेच, वापरतं फारसं कोणी नाही, आणि गावात रोजडे नक्की किती, वाढले की नुसते इकडून तिकडे गेले, विचारा बरं. 2025 च्या ऑक्टोबरात शाजापूरला हेलिकॉप्टरने काळवीट आणि रोजडे हाकलून पकडले, दूर अभयारण्यात सोडले, मला आवडलं ते, पण प्रत्येक तालुक्यात दर हिवाळ्यात हेलिकॉप्टर कुठून आणणार?

मी ग्रुपवर लिहिलं, आधी दोन-तीन हिवाळे पंचायतीने आणि वनखात्याने मिळून मोजावं, तोवर नुकसानीचे पैसे पेरणीच्या आत खात्यात पडावेत, गोळीचं नंतर बघू. दादाचा लगेच रिप्लाय, "थंडीत रात्री टॉर्च घेऊन कोण फिरणार, तू येतोस?"