ब्रेडी, गॉफ आणि श्रेयाचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या (पास फेकून संघाचा हल्ला चालवणाऱ्या खेळाडूच्या) आकडेवारीत रिसीव्हर (ते पास झेलणारे), प्रशिक्षक आणि डावपेच यांचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा असतो, असे मी लेखात लिहिले होते. यामुळे टॉम ब्रेडी आणि पॅट्रिक महोम्स या क्वार्टरबॅकचे श्रेय हिरावले जाते, अस्सल क्वार्टरबॅक साध्या रिसीव्हरचेही सोने करतो, असा आपला आक्षेप आहे. तो विचारपूर्वक घेतलेला असल्यामुळे सविस्तर उत्तर देतो.

ब्रेडीचेच उदाहरण घेऊ. २००६ च्या हंगामापर्यंत तीन सुपर बोल (हंगामाचे अंतिम विजेतेपद) त्याच्या नावावर होते, तरी एका हंगामात २८ हून अधिक टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) त्याने कधी दिले नव्हते. २००७ मध्ये रँडी मॉस आणि वेस वेल्कर हे रिसीव्हर त्याच्या न्यू इंग्लंड पॅट्रियट्स संघात आले आणि हा आकडा थेट ५० वर गेला. त्यांतले २३ एकट्या मॉसने झेलले. ब्रेडीचा हात काही एका उन्हाळ्यात बदलला नव्हता. मॉस कडेने सुसाट सुटला की त्याच्या धाकाने बचावाचा सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) खोलवर मागे सरके, आणि मधल्या मोकळ्या जागेत वेल्करला छोटे पास मिळत. वेल्करने त्या हंगामात असे ११२ पास झेलले. पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला आणि शाळेनंतर एकाही सामन्यात सुरुवातीपासून न खेळलेला मॅट कॅसल त्याच्या जागी उभा राहिला. संघाने १६ पैकी ११ सामने जिंकले. आदल्या वर्षी सोळाही जिंकले होते, म्हणजे ब्रेडीचे मोल त्या फरकात दिसतेच. पण ते अकरा विजय कोणाच्या खात्यात मांडायचे, याचे उत्तर आपल्या प्रतिक्रियेत मला सापडले नाही.

जॅरेड गॉफचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. २०१६ मध्ये रॅम्स संघाकडून क्वार्टरबॅक म्हणून त्याने सात सामन्यांची सुरुवात केली आणि सातही गमावले. पाच टचडाउन पास, सात इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने मध्येच झेललेले पास). पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे प्रशिक्षक झाला आणि त्याच गॉफने इंटरसेप्शन सातच ठेवून २८ टचडाउन पास दिले. प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये पोहोचवणारा रेडिओ, प्ले-क्लॉकवर (पुढचा डाव सुरू करण्याची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की बंद होतो. रॅम्सचा संघ मुद्दाम घाईने रांगेत उभा राहायचा, म्हणजे समोरचा बचाव कसा उभा आहे हे पाहून मॅकव्हेला त्या पंधराव्या सेकंदापर्यंत गॉफच्या कानात सांगता येई. पास हातातून सुटण्याआधीच अर्धा निर्णय झालेला असे. शिवाय कूपर कप आणि रॉबर्ट वुड्स हे रिसीव्हर आणि डाव्या टॅकलवर (क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणाऱ्या जागेवर) अँड्र्यू व्हिटवर्थ त्याच वर्षी आले होते, त्यामुळे सगळे श्रेय मॅकव्हेलाही देता येत नाही. हे धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एकट्या क्वार्टरबॅकचा आकडा म्हणून जे छापले जाते, त्याच्याकडे मी सावधपणेच पाहतो.

महोम्सविषयी आपले म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. २०२२ मध्ये त्याचा रिसीव्हर टायरीक हिल मायामीच्या संघात गेला, तरी महोम्सने ५,२५० यार्ड आणि ४१ टचडाउन पास नोंदवून सुपर बोल जिंकला, आणि पुढच्या हंगामातही जिंकला. मात्र अँडी रीड प्रशिक्षक म्हणून कायम होता, ट्रॅव्हिस केल्सीने २०२२ मध्ये ११० पास झेलले होते, आणि २०२३ मध्ये रिसीव्हरांच्या हातून चेंडू सुटू लागले तेव्हा महोम्सचेही टचडाउन पास २७ वर उतरले. तरीही मोडलेल्या डावातून, दोन बचावपटू अंगावर येत असताना, धावता धावता तो जो पास काढतो तो कुठल्याही वहीत आखलेला नसतो. त्याचे श्रेय केवळ त्याचे आहे.

म्हणून ‘क्वार्टरबॅक हा प्रशिक्षकाच्या आखणीचा निव्वळ अंमलदार असतो’ हे माझे वाक्य मी मूळ लेखातून काढत आहे. ते चुकीचेच होते. गॉफ आणि कॅसल यांचे परिच्छेद मात्र जसेच्या तसे राहतील.