तीन सर्व्हर, एकच प्लग

नागपुरातल्या सिस्टिमवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या कॉन्सुलबद्दल, म्हणजे कोणती सर्व्हिस कोणत्या पत्त्यावर चालू आहे याची यादी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, एक मेसेज फिरतो आहे:

"कॉन्सुलचे तीन सर्व्हर लावा आणि निवांत झोपा. एक पडला तरी दोन आहेत, दोन पडले तरी एक आहे. आणखी भक्कम हवं तर चौथा जोडा. बॅकअप कशाला, डेटा तिन्हीकडे असतोच. सर्व्हिस मेली की कॉन्सुल तिला लगेच यादीतून काढतो. आणि क्लस्टर अडकलाच, तर डेटा डिरेक्टरी उडवा, नव्याने बूटस्ट्रॅप करा, पाच मिनिटांत काम फत्ते."

(क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणारे हे सर्व्हर, बूटस्ट्रॅप म्हणजे तो कोऱ्यापासून सुरू करणं.) यातलं 'एक पडला तरी दोन आहेत' एवढंच भरवशाचं आहे, आणि तेही एका अटीवर. त्या अटीकडे येऊच, पण आधी गणित.

"दोन पडले तरी एक आहे"

नाही. कॉन्सुलचे सर्व्हर राफ्ट पद्धतीने एकमत करतात. नवी नोंद पक्की व्हायला निम्म्याहून जास्त सर्व्हरांची संमती लागते. तिनांत ही संख्या दोन. एकटा उरलेला सर्व्हर लीडर (नोंदी स्वीकारणारा मुख्य सर्व्हर) होऊ शकत नाही, कारण बाकीचे दोघं मेले आहेत की मधली केबल तुटून पलीकडे मजेत चालू आहेत, हे कळायला त्याच्याकडे मार्गच नसतो. ईटीसीडी आणि झूकीपर या तशाच सॉफ्टवेअरनाही हेच गणित लागू आहे.

मग 'एकावरही चालतं' असं लोक शपथेवर का सांगतात? कारण डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सोय. कॉन्सुलचा डीएनएस मुळातच शिळं उत्तर द्यायला मोकळा ठेवलेला असतो आणि उत्तर किती शिळं चालेल याची ठरावीक मर्यादा आहे ८७,६०० तास, म्हणजे १० वर्षं. लीडर नसला तरी ८६०० पोर्टवरून पत्ते मिळत राहतात. हे मुद्दाम केलेलं आहे आणि चांगलं आहे. पण त्याच वेळी नवी सर्व्हिस नोंदली जात नाही, मेलेली सर्व्हिस मेली म्हणून दिसत नाही, की-व्हॅल्यूमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या साठ्यात) काही लिहिता येत नाही आणि ८५०० पोर्टवरची साधी विचारणा 'नो क्लस्टर लीडर' म्हणून परत येते. म्हणजे क्लस्टर बंद पडल्या क्षणाचा फोटो तेवढा दिसत राहतो. तासाभराने कुणी डिप्लॉय केलं, म्हणजे सर्व्हिसची नवी आवृत्ती चढवली, की नवे पत्ते कुणालाच कळत नाहीत, आणि तेव्हा दोष डिप्लॉय करणाऱ्याच्या माथी बसतो.

"चौथा जोडा"

खोगीरभरती. चारांत बहुमत तिनाचं, म्हणजे पडलेला चालेल असा सर्व्हर एकच, तिनांत होता तेवढाच. वर नेटवर्क दोन-दोन असं फाटलं तर दोन्हीकडे लीडर नाही. दोन सर्व्हर पडले तरी चालावं असं हवं असेल तर सरळ पाच करा. सातावर जायची गरज सहसा नसते, कारण प्रत्येक लिखाणाला मग चौघांची वाट पाहावी लागते. जुनं मशीन बदलताना थोडा वेळ चार असणं ठीक आहे: आधी नवं जोडा, ते मतदार झालं की जुनं काढा.

"तीन लावा आणि झोपा"

आता ती अट. तिघं वेगवेगळ्या कारणांनी पडणारे असतील तरच तीन म्हणजे तीन. हिंगण्याच्या एखाद्या कारखान्यातली सर्व्हर खोली डोळ्यांसमोर आणा: एक मोठा होस्ट, त्यावर तीन व्हर्च्युअल मशीन, तिन्हींची डिस्क एकाच स्टोरेजवर, एक यूपीएस, एक स्विच. हा एका सर्व्हरचा क्लस्टर आहे, फक्त नावं तीन. रात्री बॅकअपचं सॉफ्टवेअर तिन्ही मशीनचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रती) एकदम घेतं तेव्हा ती काही क्षण गोठतात, हार्टबीट (जिवंत असल्याची खूण) चुकतो आणि लीडरची निवडणूक लागते. रोज पहाटे त्याच वेळी लीडर बदलत असेल तर आधी बॅकअपचं वेळापत्रक बघा.

मे महिन्यात यात आणखी भर पडते. लाइन जाते, यूपीएस सर्व्हर धरून ठेवतो, लाइन परत येते, पण स्प्लिट एसीचा ऑटो-रीस्टार्ट बंद असतो. बाहेर पारा ४५ च्या पुढे, खोली बंद. तिन्ही मशीन मिनिटांच्या फरकाने तापून बंद होतात. क्लस्टरच्या कॉन्फिगरेशनमध्ये कुठेही चूक नसते. म्हणून वेगळे होस्ट, वेगळी डिस्क, वेगळे यूपीएस, जमल्यास वेगळे फेज, आणि एसीच्या रिमोटची सेटिंग हेही उच्च उपलब्धतेचेच भाग आहेत, कागदावर कुणी लिहीत नसलं तरी.

दोन जागा असल्या की लगेच दोन-एक अशी वाटणी सुचते: परसोडीच्या आयटी पार्कात दोन, मिहानमध्ये एक. पण परसोडीची जागा गेली की सगळं गेलं. दोन जागांत बहुमताचा हा प्रश्न सुटतच नाही. तिसरी जागा हवी, मग तिथे एकच छोटं मशीन का असेना. तिसरा सर्व्हर मुंबईच्या क्लाउडमध्ये ठेवावा का? फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. अंतर ८०० किलोमीटर धरलं तरी जाऊन-येऊन किमान ८ मिलिसेकंद, आणि तार सरळ जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. कॉन्सुलची शिफारस सरासरी ५० मिलिसेकंदांच्या आत राहण्याची, त्यामुळे कागदावर हे बसतं. पण दोन मतदार नागपुरात वेगवेगळ्या जागी असतील आणि मुंबईचा तिसरा असेल तरच. बहुमत मुंबईत ठेवलं तर रस्ता खोदताना फायबर तुटलं की नागपुरातल्या दोन शेजारी सर्व्हिसना एकमेकींमधले बदल कळणार नाहीत. मुंबईतही बऱ्याच सर्व्हिस चालत असतील तर तिथे स्वतंत्र क्लस्टर उभारून दोन्ही ८३०२ पोर्टवरून जोडणं जास्त शहाणपणाचं.

उभारणीतल्या नेहमीच्या चुकाही इथेच सांगून टाकू. बूटस्ट्रॅप-एक्स्पेक्टची (किती सर्व्हर जमल्यावर सुरुवात करायची त्या आकड्याची) किंमत तिन्ही सर्व्हरांवर ३ ठेवा. एखाद्यावर नुसतं बूटस्ट्रॅप चालू ठेवलं तर तो एकटाच लीडर होऊन बसतो, आणि दुसऱ्यावरही ठेवलं तर दोन वेगळी राज्यं तयार होतात. रिट्राय-जॉइनमध्ये (सुरू होताना कुणाला जोडून घ्यायचं त्या यादीत) तिन्ही पत्ते द्या, फक्त पहिल्याचा नको. गॉसिपची (मशीनांच्या आपसातल्या संवादाची) चावी कीजेन या आज्ञेने एकदाच बनवून सगळीकडे तीच घाला. फायरवॉलमध्ये ८३०० टीसीपी उघडतात, ८३०१ ही टीसीपी उघडतात, आणि ८३०१ यूडीपी विसरतात. मग क्लस्टर चालतो, पण लॉगमध्ये 'टीसीपीने पोचलो, यूडीपीने नाही' अशा सूचना येत राहतात आणि एखादं नोड (मशीन) अधूनमधून मेलं-जिवंत होत राहतं. क्लस्टर चालतो आहे म्हणून तो लॉग कुणी उघडत नाही.

राफ्ट मल्टिप्लायर (राफ्टच्या वेळेच्या मर्यादा किती पट ताणायच्या तो आकडा) मुळात ५ असतो. लहान मशीनवर तो चालतो, पण लीडर गेल्याचं कळायला वेळ लागतो. एसएसडी आणि मोकळे कोअर असतील तर १ करा. तुडुंब भरलेल्या होस्टवर मात्र १ केला तर विनाकारण निवडणुका लागतील, तिथे ५ च राहू द्या.

"डेटा तिन्हीकडे असतोच"

असतो, आणि चूकही तिन्हीकडे जाते. कुणी की-व्हॅल्यूमधून रिकर्स लावून चुकीचा प्रीफिक्स, म्हणजे त्या नावाने सुरू होणारं सगळंच, उडवलं, तर राफ्ट ते खोडणं तितक्याच प्रामाणिकपणे तिन्ही सर्व्हरांवर पोचवतो. प्रती हा बॅकअप नव्हे. 'कॉन्सुल स्नॅपशॉट सेव्ह' ही आज्ञा तासाला एकदा क्रॉनमधून चालवा, फाइल क्लस्टरच्या बाहेर ठेवा. तिच्यात एसीएलचे (परवानग्यांचे) टोकनही असतात, तेव्हा ती एन्क्रिप्ट करा; उघड्या शेअर फोल्डरमध्ये टाकणं म्हणजे चावी कुलपालाच टांगणं. लीडर नसताना साधा स्नॅपशॉट मिळत नाही, तेव्हा स्टेल (शिळं चालेल) पर्याय लावून उरलेल्या सर्व्हरकडून घ्यावा लागतो. आणि रीस्टोअर म्हणजे सगळंच जुनं, त्यातली एकच की परत आणता येत नाही. म्हणून महत्त्वाच्या की-व्हॅल्यू गिटमध्येही असू द्या.

"सर्व्हिस मेली की लगेच काढतो"

'लगेच' आणि 'काढतो' हे दोन्ही शब्द चुकीचे. हेल्थ चेक (सर्व्हिस नीट चालते का ही तपासणी) १० सेकंदांनी होत असेल तर मेल्याचं कळायलाच तेवढा वेळ जाऊ शकतो, वर चेकचा टाइमआउट. क्रिटिकल (चेकमध्ये नापास) झालेली सर्व्हिस डीएनएसच्या उत्तरांतून गळते, पण कॅटलॉगमध्ये (मूळ यादीत) राहते. कॅटलॉगचा पत्ता विचारणाऱ्याला ती मिळतच राहते, म्हणून विचारणा हेल्थच्या पत्त्यावर, फक्त पास झालेल्यांची करा. नोंद खरंच पुसली जावी असं हवं असेल तर 'डीरजिस्टर क्रिटिकल सर्व्हिस आफ्टर' ठरवून द्यावं लागतं. ते १ मिनिटाच्या खाली जात नाही, आणि साफसफाई दर ३० सेकंदांनी होते. आख्खं नोड गेलं तर त्याची नोंद ७२ तास तशीच राहते.

पत्ता विचारणाऱ्याकडचं शिळेपण वेगळंच. जावा डीएनएसचं उत्तर स्वतःजवळ धरून ठेवते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या अपस्ट्रीममध्ये (मागच्या सर्व्हरांच्या यादीत) साधं नाव लिहिलं असेल तर त्याचा पत्ता सुरू होताना एकदाच शोधला जातो. कॉन्सुलने कितीही चटकन पत्ता बदलला तरी रीलोड होईपर्यंत एनजिनएक्सला त्याची खबरच नसते.

याच्या उलटा धोका मेसेजवाल्यांच्या गावीही नाही: कॉन्सुल गरजेपेक्षा जास्त काढतो तेव्हा. हेल्थ चेकमध्ये डेटाबेसची क्वेरी घातली असेल आणि डेटाबेस २० सेकंद अडखळला, तर त्या सर्व्हिसचे सगळेच्या सगळे इन्स्टन्स (चालू प्रती) एकदम क्रिटिकल होतात आणि डीएनएस रिकामा हात दाखवतो. नेटफ्लिक्सच्या युरेका या अशाच सॉफ्टवेअरात यासाठी स्वसंरक्षण आहे: नूतनीकरणं (सर्व्हिसकडून येणारे 'जिवंत आहे' असे निरोप) ८५ टक्क्यांच्या खाली गेली की तो कुणाला काढायचंच थांबवतो. कॉन्सुलच्या डीएनएसमध्ये असा लगाम नाही. म्हणून चेकमध्ये त्या प्रोसेसची स्वतःची तब्येत तेवढीच तपासा, सामायिक गोष्टींची नको.

"डेटा डिरेक्टरी उडवा"

या सल्ल्याने सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण वरवर तो यशस्वी दिसतो. क्लायंट एजंट (सर्व्हिस चालणाऱ्या मशीनांवरचे कॉन्सुल) आपापल्या सर्व्हिस पुन्हा नोंदवतात, कॅटलॉग भरतो, हायसं वाटतं. पण एसीएल, की-व्हॅल्यू, इंटेन्शन (कोणत्या सर्व्हिसने कुणाशी बोलावं याचे नियम) सगळं गेलेलं असतं. एसीएल चालू असेल तर सगळे जुने टोकन बाद, म्हणजे एजंटांना नोंदणीही करता येत नाही, आणि पाच मिनिटांचं काम संध्याकाळपर्यंत चालतं.

खरी वाट अशी. आधी पडलेल्या दोनांपैकी एक तरी त्याच डिस्कसह उठतो का बघा. उठला की बहुमत आपोआप परत येतं, काहीच करावं लागत नाही. उठणारच नसेल तर उरलेल्या सर्व्हरवर कॉन्सुल थांबवा आणि डेटा डिरेक्टरीची प्रत आधी बाजूला काढा. तिच्यातल्या राफ्ट फोल्डरमध्ये पीअर्स डॉट जेसन ही फाइल लिहा: सर्व्हरचा आयडी नोड-आयडी फाइलमधून, पत्ता ८३०० पोर्टसह, नॉन-व्होटर फॉल्स. एकापेक्षा जास्त सर्व्हर उरले असतील तर सगळे थांबवून सगळ्यांवर हीच यादी. सुरू केल्यावर कॉन्सुल फाइल वाचून स्वतःच पुसतो. मग रिकाम्या डिस्कचे नवे सर्व्हर एकेक करून जोडा, आणि दर वेळी 'ऑपरेटर राफ्ट लिस्ट-पीअर्स' मध्ये तो मतदार म्हणून दिसेपर्यंत थांबा. पडलेल्यांकडेच पोचलेल्या शेवटच्या काही नोंदी यात गमावल्या जाऊ शकतात, हे गृहीत धरा.

एकच प्लग फक्त विजेचा नसतो. कॉन्सुलच्या स्वतःच्या साधनाने बनवलेलं सर्व्हरचं टीएलएस (सुरक्षित संवादाचं) प्रमाणपत्र मुदत न सांगितल्यास ३६५ दिवस चालतं. तिन्ही एकाच दुपारी बनवली की पुढच्या वर्षी तिन्ही एकाच दुपारी संपतात. ॲन्सिबलसारख्या, अनेक मशीनची मांडणी एकदम करणाऱ्या साधनाने तिन्हींवर एकदम ढकललेलं चुकीचं कॉन्फिगरेशनही तसंच. अपग्रेड एकेकाने करा, फॉलोअर (लीडर नसलेले) आधी, लीडर शेवटी.

ऑक्टोबर २०२१ मध्ये रोब्लॉक्स हे गेमिंगचं व्यासपीठ ७३ तास बंद होतं. तिथे सर्व्हरांची संख्या कमी नव्हती. कॉन्सुलमधली स्ट्रीमिंगची (बदल पोचवण्याची) नवी सोय प्रचंड वाचन-लेखनाखाली अडली, आणि त्याच्या नोंदी डिस्कवर ठेवणारा बोल्टडीबी मोकळ्या पानांचा हिशेब ठेवताना मंदावला. जास्त ताकदीची मशीन लावून आणि जुना स्नॅपशॉट परत भरूनही ते सुटलं नाही, कारण दोष सगळ्या सर्व्हरांवरच्या त्याच सॉफ्टवेअरात होता. भरीला, काय बिघडलं हे दाखवणाऱ्या काही यंत्रणा स्वतःच कॉन्सुलवर विसंबून होत्या. निदान प्रोमिथियस या देखरेखीच्या साधनाला कॉन्सुल सर्व्हरांचे पत्ते हाताने लिहून द्या.

आणि मेसेज पुढे पाठवण्याआधी एखाद्या रविवारी सकाळी, तर्री पोह्यांच्या आधी, टेस्ट क्लस्टरवर ही चाचणी करा. लीडरच्या मशीनचा प्लग खरंच काढा. सर्व्हिस थांबवणं वेगळं, प्लग काढणं वेगळं. मल्टिप्लायर १ असेल तर काही सेकंदांत नवा लीडर दिसायला हवा. मग दुसऱ्याचा काढा. आता की-व्हॅल्यूत लिहून बघा: 'नो क्लस्टर लीडर' यायला हवं. डीएनएसला विचारा: जुना पत्ता मिळायला हवा. मिळत नसेल तर डीएनएसच्या विभागात कुणीतरी अलाउ-स्टेल बंद केलेलं आहे. दोन्ही प्लग परत लावा, आणि खोलीतून निघताना एसी सुरू झाला का ते बघा.