चाकाचा वेग वाढवायचा होता हो, एवढंच!

काल रात्री माझ्या लिनक्स डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाची, नवी आवृत्ती टाकली आणि लॉगिनच्या पडद्यावरून एक्स११चा, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेचा, पर्यायच गायब! उरलं फक्त त्याच्या जागी आलेलं वेलंड. तो पर्याय जाताना माझं इमव्हील, म्हणजे चाकाचा वेग वाढवणारा छोटा प्रोग्रामही घेऊन गेला. आता माऊसचं चाक फिरवलं की पान जेमतेम तीन ओळी सरकतं. तीन ओळी! समोर जाडजूड पीडीएफ, सकाळी प्रूफं द्यायची, आणि मी चाक घासत बसलोय.

सेटिंग्ज उघडली. नोममध्ये, म्हणजे मी वापरतो त्या डेस्कटॉपमध्ये, माऊसच्या पानावर पॉइंटरचा वेग आहे, अ‍ॅक्सिलरेशन आहे, स्क्रोलची दिशा उलटी करायचीही सोय आहे. चाकाचा वेग? नाही! २०११ साली नोम ३ आलं, तेव्हापासून एक साधी सरकपट्टी देणं होत नाही? केडीई या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपमध्ये आहे. विंडोजमध्ये कधीची आहे. माऊसच्या हालचाली वाचणाऱ्या लिबइनपुटकडे जावं तर म्हणे हे वरच्या थराने, म्हणजे डेस्कटॉपने, बघायचं, आणि वरच्या थरात बघायला कुणी तयार नाही.

एक्सइनपुट, म्हणजे एक्स११ची माऊस जुळवायची आज्ञा, चालवलं. पूर्वी त्यात माझा माऊस नावानिशी दिसायचा, आता नुसतं 'एक्सवेलंड-पॉइंटर'. त्याला काहीही सांगा, वेलंडच्या खिडक्या ढिम्म. एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या कळा चोरून वाचू नयेत म्हणून वेलंड असं बांधलंय, हे मला शंभर टक्के पटतं. पण म्हणून आधी जिना पाडायचा आणि लिफ्टचं विचारलं की गप्प बसायचं?

आणि ते मधल्या बटणाचं पेस्ट! चाकावर बोट जरा जोरात पडलं की मघाशी सिलेक्ट केलेला मजकूर थेट हस्तलिखितात. एका कवितासंग्रहात भर कवितेच्या मधोमध बँकेचा आयएफएससी कोड जाऊन बसला होता. कवयित्रीबाईंनी पाहिला म्हणून निभावलं. हे बंद करायचं तर जीसेटिंग्ज या आज्ञेची लांबलचक ओळ घोका, आणि फायरफॉक्ससाठी अबाउट कॉन्फिग या त्याच्या आतल्या सेटिंग्जच्या पानात वेगळं शिरा.

नोमवाल्यांनी मिनिमाइझचं बटण काढलं. २०१८ मध्ये ३.२८ आलं आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन काढले. एक्स्टेंशन, म्हणजे इतरांनी लिहिलेले जोडप्रोग्राम, लावा म्हणे! लावली. २०२३ला नोम ४५ने एक्स्टेंशन लोड करायची पद्धतच बदलली आणि जुनी सगळी एका फटक्यात बाद. ज्यांनी ती फुकट लिहिली त्यांनीच पुन्हा फुकट खपायचं. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि दर सहा महिन्यांनी पोटात गोळा.

वर कुणीतरी शहाणपण शिकवणारच, की इतक्या सेटिंग्ज लागतात कशाला. मला लागतात! दिवसभर प्रूफं वाचून मनगट माझं सुजतं, तुमचं नाही. मशीन माझ्या हाताला वळावं म्हणून तर मी लिनक्सवर आलो, आणि इथे माझाच हात मशीनप्रमाणे वळवायला सांगतायत.

केडीई उतरवायला लावलंय. प्रूफं सकाळऐवजी संध्याकाळी मिळतील, असं प्रकाशकांना कळवून टाकलं.